पित्ताशयातील खडे : घरगुती उपाय कुठवर, दवाखाना केव्हा?

‘पित्त झालंय’ हे वाक्य आपल्या घरांत रोज कानावर पडते. छातीत जळजळले तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. एकाच शब्दात इतके आजार कोंबले गेल्यामुळे जो खरोखर पित्ताचा आजार आहे, तो वर्षानुवर्षे लपून राहतो. तो आजार म्हणजे पित्ताशयातील खडे. जेवणानंतर पोटात दुखले की सोडा घ्यायचा, ओवा चावायचा, मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणायची आणि कामाला लागायचे, असे चालत राहते. मग एके दिवशी सोनोग्राफीत खडे दिसतात आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कोणी कुळथाचे पाणी सांगतो, कोणी पानफुटीची पाने, कोणी मोबाईलवर आलेला ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा प्रयोग. वाचक बंधू-भगिनींनो, या अंकात आम्ही यातील एकेक गोष्ट तपासून पाहणार आहोत. कशाचा उपयोग आहे, कशाचा नाही आणि कशात धोका आहे, हे समजले तर पैसा वाचेल आणि कधीकधी जीवही वाचेल.

पित्ताशय करते काय?

पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली यकृत असते. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली, लहानशा पेरूएवढी पिशवी म्हणजे पित्ताशय. पित्त तयार करण्याचे काम या पिशवीचे नाही. ते यकृत करते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातले थोडे पित्त साठवते आणि त्यातील पाणी शोषून ते घट्ट करते. आपण तेलकट-तुपकट खाल्ले की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात येते, त्याच्या इशाऱ्याने पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त नळीवाटे आतड्यात उतरते. साबणाने भांड्याचे तेल सुटावे तसे पित्तामुळे अन्नातील तेल बारीक कणांत फुटते आणि पचते.

छातीत जळजळ होते ती या पित्ताने नव्हे, तर बहुतेक वेळा जठरातील आम्लाने. म्हणून ॲसिडिटीचे औषध घेऊन पित्ताशयाचे दुखणे जात नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायची आहे. पित्ताशय काढून टाकले म्हणून ढेकर, गॅस आणि जळजळ थांबेलच असे नाही.

खडे का होतात?

पित्तात पाणी, पित्तक्षार, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य असते. यांचे प्रमाण बिघडले किंवा पित्ताशय नीट रिकामे होईनासे झाले, की गाळ बसतो आणि गाळाचे खडे होतात. काही खडे वाळूसारखे बारीक, काही चिंचोक्याएवढे, काही त्याहून मोठे असतात.

कोलेस्टेरॉलचे खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतात. वाढते वय, लठ्ठपणा, मधुमेह, एकापाठोपाठ बाळंतपणे, काही संप्रेरकांच्या गोळ्या आणि घरात आई-बहिणीला असलेला हाच आजार, ही त्याची नेहमीची कारणे. आणखी एक कारण सहसा कोणी सांगत नाही. फार वेळ उपाशी राहिले, किंवा महिन्याभरात दहा-बारा किलो वजन उतरवले, तरी खडे होतात. खाणेच नसेल तर पित्ताशयाला आकुंचन पावण्याचा इशारा मिळत नाही आणि पित्त आत साचून राहते. सकाळी फक्त चहा पिऊन कामावर जाणाऱ्या आणि दुपारी दोनला पहिला घास घेणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

गरोदरपणातही पित्ताशयाची हालचाल मंदावते आणि गाळ साचतो. बाळंतपणानंतर हा गाळ पुष्कळदा आपोआप निघून जातो. त्यामुळे गरोदरपणीच्या सोनोग्राफीत गाळ दिसला म्हणून घाबरू नये, मात्र दुखत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

सिकलसेल आणि लहान वयातले खडे

हा भाग आपल्या समाजाने विशेष काळजीने वाचावा. विदर्भात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आदिवासींप्रमाणेच अनुसूचित जातींमध्ये आणि आपल्या बौद्ध कुटुंबांमध्येही मोठ्या प्रमाणात आढळतो. निरोगी माणसाची लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या प्रत्येक पेशीतून बिलिरुबिन तयार होते, ते पित्तात उतरते आणि त्याचे काळे खडे बनतात. म्हणून या आजारात दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींनाही पित्ताशयात खडे होतात. त्यांनी तेलकट खाल्ले म्हणून ते झालेले नसतात आणि पथ्याने ते जाणारही नसतात.

अडचण अशी की, सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे नेहमीच थोडे पिवळसर असतात आणि पोटदुखीही अधूनमधून होते. त्यामुळे ‘नेहमीचेच आहे’ म्हणून खड्यांकडे दुर्लक्ष होते. घरात एसएस प्रकारचा रुग्ण असेल, तर त्याची पोटाची सोनोग्राफी केव्हा करायची हे डॉक्टरांना आपणहून विचारा. पोट उजवीकडे दुखू लागले, ताप आला किंवा डोळे एकाएकी जास्त पिवळे झाले तर थांबू नका. शस्त्रक्रिया ठरलीच, तर सिकलसेल असल्याचे सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे, कारण अशा रुग्णाला पुरेसे सलाईन, ऑक्सिजन आणि गरजेप्रमाणे रक्त देऊन तयार करावे लागते. सुरू असलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी कोणत्याही काढ्यासाठी परस्पर बंद करू नये. जे एएस, म्हणजे केवळ वाहक आहेत, त्यांना यामुळे असे खडे सहसा होत नाहीत.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सरकारी केंद्रांतील तपासणी करून घ्या आणि त्याचे कार्ड जपून ठेवा. लग्न ठरवताना पत्रिकेपेक्षा हे कार्ड पाहणे अधिक शहाणपणाचे.

दुखणे ओळखायचे कसे?

पित्ताशयात खडे असलेल्या शंभरांतील साधारण ऐंशी जणांना कधी काही त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली असता ते दिसतात. त्रास सुरू होतो तो खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला म्हणजे. पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजवीकडे, जोराचे दुखू लागते. ते उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते. मळमळते, उलटी होते, कोणत्याही कुशीवर आराम पडत नाही. लग्नातल्या जेवणानंतर, मटणाच्या बेतानंतर रात्री दुखणे उठते, अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत राहते आणि खडा मागे सरकला की आपोआप थांबते.

हे ‘आपोआप थांबणे’ महत्त्वाचे आहे. बहुतेक घरगुती उपायांची कीर्ती त्यावरच उभी आहे. दुखणे ऐन भरात असताना आपण काहीतरी पितो, तासाभराने दुखणे थांबते आणि त्या पेयाला श्रेय मिळते. न पिताही ते थांबलेच असते. पुढचा झटका महिन्याने किंवा वर्षाने येतो, तोवर ‘खडे विरघळले’ अशी समजूत पक्की झालेली असते. उपाय खरा की खोटा हे दुखण्यावरून कळत नाही. आधीची आणि नंतरची सोनोग्राफी शेजारी ठेवली की कळते.

सोनोग्राफी उपाशीपोटी, म्हणजे सहा ते आठ तास काही न खाता करावी. त्या वेळी पित्ताशय भरलेले असते आणि खडे स्पष्ट दिसतात. या आजारासाठी सीटी स्कॅनपेक्षा साधी सोनोग्राफीच अधिक उपयोगाची, आणि ती स्वस्तही आहे. चाळिशीपुढील व्यक्तीला, विशेषतः मधुमेह असेल तर, पोटाच्या वरच्या भागात दुखल्यास आधी ईसीजी काढून घ्यावा. हृदयविकाराचा झटकाही असाच ‘पित्ता’चे सोंग घेऊन येतो.

मुतखडा वेगळा, पित्तखडा वेगळा

बहुतांश गैरसमज या दोघांच्या घोटाळ्यातून होतात. मुतखडा मूत्रपिंडात होतो. तो लहान, म्हणजे साधारण ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर भरपूर पाणी प्यायल्यावर बहुतेक वेळा लघवीवाटे पडून जातो. त्या काळात कुळथाचे कढण किंवा पानफुटीची पाने घेतलेली असली की श्रेय त्यांना जाते. पित्ताशयाला मात्र लघवीचा रस्ताच नाही. कितीही पाणी प्यायले तरी ते पित्ताशयातून वाहत नाही.

आणखी महत्त्वाचे असे की, पित्ताशयातला खडा ‘पडणे’ ही आनंदाची गोष्ट नाही. बाहेर सरकलेला खडा मुख्य पित्तनलिकेत येतो. ही नळी साधारण ६ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या शेवटाशी स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. तिथे खडा अडकला तर कावीळ होते, नळीत पू होऊ शकतो किंवा स्वादुपिंडाला सूज येते. यातील प्रत्येक गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून ‘खडा ढकलून बाहेर काढतो’ असे सांगणारा उपाय खरोखर काम करू लागला, तर ती काळजीची गोष्ट आहे.

एकेक उपाय तपासून पाहू

ऑलिव्ह तेल, लिंबू आणि सफरचंदाचा रस : या प्रयोगात दिवसभर जवळजवळ उपाशी राहून रात्री भरपूर तेल आणि लिंबाचा रस पितात. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट, मऊ गोळे पडतात आणि लोक त्यांचे फोटो पाठवतात. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशाच एका महिलेने आणलेले गोळे तपासले आणि २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती दिली. त्या गोळ्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन नव्हते, कॅल्शियमही नव्हते. ४० अंश उष्णतेला ते वितळून गेले. प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात साबण झाला होता. खरे खडे तिच्या पित्ताशयात तसेच होते आणि ते शस्त्रक्रियेनेच निघाले. शिवाय इतके तेल एकदम पोटात गेल्यावर पित्ताशय जोराने आकुंचन पावते, म्हणजे झटका आपणच ओढवून घेतो.

हळद : भाजी-आमटीतल्या हळदीची चिंता नको. पण हळदीतील कर्क्युमिनमुळे पित्ताशय आकुंचन पावते, असे निरोगी माणसांवरील चाचण्यांत दिसले आहे. म्हणून खडे असताना हळदीच्या कॅप्सूल किंवा चमचे-चमचे हळद घेऊ नये.

सफरचंदाचा व्हिनेगर : याने खडे विरघळल्याचा पुरावा नाही. दातांवरील कवच झिजते आणि जळजळ मात्र वाढते.

कुळीथ : खाण्यासाठी उत्तम, प्रथिने आणि तंतू देणारे स्वस्त कडधान्य. पिठले करा, माडगे करा. औषध म्हणून मात्र त्यावर अवलंबून राहू नका.

गुळवेल, भस्मे आणि बिनलेबलच्या पुड्या : ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ हा विचार धोक्याचा आहे. ज्याचा शरीरावर परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी, ज्यांचे यकृत आणि पित्तमार्ग आधीच अडचणीत आहेत त्यांनी असा प्रयोग स्वतःच्या मनाने का करावा? काही भस्मांत शिसे आढळलेले आहे. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर पदवीधर वैद्याकडून, नाव-घटक छापलेले घ्या आणि आपल्या डॉक्टरांनाही सांगा.

खडे विरघळवणारे औषध अजिबात नाही असेही नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळीने लहान, चुना न साठलेले कोलेस्टेरॉलचे खडे काही रुग्णांत विरघळतात. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे गोळी घ्यावी लागते आणि पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत खडे पुन्हा होतात. काळ्या खड्यांवर ती चालत नाही.

काविळीचा उतारा : इथे घात होतो

खडा नळीत अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिका पडतो, अंगाला खाज सुटते. अशा वेळी अजूनही पुष्कळ ठिकाणी रुग्णाला ‘कावीळ उतरवायला’ नेतात. हातावर काहीतरी चोळतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळे होते आणि ‘पाहा, कावीळ उतरली’ असे सांगतात. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात हात धुतले तर निरोगी माणसाच्या हाताखालचे पाणीही पिवळे होते. ही रसायनाची करामत आहे. विषाणूमुळे होणारी कावीळ काही आठवड्यांत बहुधा आपोआप बरी होते, म्हणून या उताऱ्यांचे नाव टिकून आहे. नळीत अडकलेला खडा मात्र असा जात नाही. त्यात गेलेला एकेक दिवस पू आणि रक्तातील जंतुसंसर्ग वाढवतो. योग्य रुग्णालयात तोंडावाटे दुर्बीण घालून, ज्याला ईआरसीपी म्हणतात, तो खडा काढता येतो.

मग नैसर्गिक असे काय करावे?

आहाराने झालेले खडे विरघळत नाहीत, पण झटके कमी होतात आणि नवे खडे होण्याची शक्यता घटते. हाच खरा नैसर्गिक उपाय.

वेळेवर जेवा, सकाळची न्याहारी चुकवू नका. रात्रीची उरलेली भाकरी आणि वाटीभर वरण चालेल, पण पोट रिकामे नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, काकडी, पेरू यांतून भरपूर तंतू मिळतात. भजी, वडे, तर्री, चरबीचे मटण, वनस्पती तूप आणि बेकरीचे पदार्थ कमी करा. मटण खायचेच तर चरबी काढून, वरचा तेलाचा तवंग बाजूला सारून, थोडे खा. मासे, अंडे किंवा बिनकातडीची कोंबडी कमी तेलात करून खाल्ली तर बहुतेकांना सोसते. तेल पूर्ण बंद करू नका, कारण थोड्या तेलानेच पित्ताशय रोज रिकामे होते. एकाच जेवणात फार तेल नको, एवढेच सूत्र. वजन जास्त असेल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो याच वेगाने उतरवा. रोज अर्धा तास चाला.

शस्त्रक्रिया केव्हा?

खडे आहेत पण त्रास नाही, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. सिकलसेल, खूप मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठणे किंवा मोठी गाठ अशा परिस्थितीत सल्ला वेगळा असतो. ‘आजच दाखल व्हा, नाहीतर फुटेल’ असे कोणी त्रास नसताना सांगत असेल, तर रिपोर्ट घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. रिपोर्टवर आणि दुसऱ्या मतावर रुग्णाचा हक्क आहे. पण दुखण्याचे झटके येऊ लागले असतील, तर ते पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा काढ्यांत वर्ष घालवू नये. सूज, पू आणि चिकटलेले पित्ताशय झाल्यावरची शस्त्रक्रिया अवघड असते. वेळेवर ठरवून केलेली सोपी जाते.

फक्त खडे काढून पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात, म्हणून पित्ताशयच काढतात. दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी केली. म्हणजे देशात तिची सुरुवात सरकारी रुग्णालयातून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज पोटाला साधारण चार लहान छिद्रे पाडून ती होते आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. नंतर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते आणि पचन चालू राहते. काहींना काही आठवडे पातळ शौचाला होते, ते हळूहळू थांबते. जड ओझे उचलणे किती दिवस टाळायचे, हे डॉक्टरांना विचारून मालकाला किंवा मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

खर्चाची चिंता खरी आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया जवळच्या कोणत्या रुग्णालयात होईल, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. सावकाराकडे जाण्याआधी एक फेरी जिल्हा रुग्णालयाकडे मारा.

हे दिसले तर थांबू नका

पोटातले दुखणे सहा तासांत थांबले नाही. दुखण्यासोबत ताप किंवा थंडी वाजून आली. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच फिकट झाले. दुखणे पट्ट्यासारखे पाठीपर्यंत गेले आणि उलट्या थांबेनात. रुग्ण बरळू लागला किंवा गळून गेला. तर तो घरगुती उपायांचा विषय राहिलेला नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या, गरज पडल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. तोवर तोंडाने काही देऊ नका.

आपल्या घरात कोणाला वर्षानुवर्षे ‘पित्ताचा त्रास’ असेल, जेवणानंतर उजवीकडे दुखत असेल, तर या महिन्यात त्यांची एक सोनोग्राफी करून घ्या. त्यातही आई, सासू, मोठी बहीण यांना आधी विचारा, कारण स्वतःचे दुखणे त्या सगळ्यात शेवटी सांगतात.